नंबर लागला म्हणजे ऊस गाळला असं नाही : समांतर फाइल प्रणालीचा क्लायंट आणि त्याच्या वेगाची मोजणी

शिरूर आणि दौंड इथे याच विषयावर झालेल्या दोन व्याख्यानांचं हे एकत्र शब्दांकन आहे. दोन्हीकडे श्रोत्यांत संगणकाचे विद्यार्थी होते, तसेच शेती करणारे आणि कारखान्याशी संबंध असलेले लोकही होते. त्यामुळे विषय तांत्रिक असला तरी उदाहरणं आपल्याच भागातली घेतली आहेत. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्नही दिले आहेत.

विषय एका वाक्यात सांगायचा तर असा : मोठ्या संगणकाची साठवण वापरणारा जो प्रोग्रॅम प्रत्येक यंत्रावर बसवलेला असतो, तो एका ऑपरेटिंग सिस्टीमवरून दुसरीवर नेला, तर काय बदलतं? आणि नेल्यानंतर तो खरंच वेगवान आहे की नाही, हे कसं मोजायचं?

आपला काय संबंध?

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. घोडच्या आणि भीमेच्या काठाला ऊस आहे, पण बाकीच्या रानात कांदा, डाळिंब आणि पावसाची वाट बघणं. काढलेला कांदा शेतात पडलेला असताना अवकाळी पाऊस आला की काय होतं, हे इथं कुणाला सांगायला नको. म्हणून अंदाज 'पुणे जिल्ह्यात तुरळक पाऊस' एवढ्यावर थांबून आपलं भागत नाही.

हा अंदाज जिथे तयार होतो ती जागा आपल्यापासून लांब नाही. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथे २०१८ मध्ये 'प्रत्यूष' आला, ४ पेटाफ्लॉपचा. २६ सप्टेंबर २०२४ ला 'अर्का' राष्ट्राला अर्पण झाला. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, आणि साठवण ३३ पेटाबाइट. नोएडाच्या 'अरुणिका'सह दोन्हींचा खर्च ८५० कोटी रुपये. मे २०२५ मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. आधी अंदाजाची चौकट साधारण १२ किलोमीटरची होती, ती आता ६ किलोमीटरची झाली.

आता हिशोब बघा. १२ किलोमीटरच्या एका चौकोनात ६ किलोमीटरचे चार चौकोन बसतात. म्हणजे दर वेळी साठवायची माहिती सरळ चौपट. गणित तर त्याहून वाढतं, कारण चौकोन लहान झाला की काळाचा टप्पाही लहान घ्यावा लागतो. लोक पेटाफ्लॉपबद्दल बोलतात, म्हणजे सेकंदाला किती आकडेमोड झाली त्याबद्दल. पण आकडेमोड होऊन उपयोग काय, जर उत्तर वेळेत आणि धड लिहिलं गेलं नाही? पहाटेचा अंदाज दुपारी हाती आला तर तो अंदाज राहत नाही, ती बातमी होते.

या लिहिण्यावाचण्याची जबाबदारी समांतर फाइल प्रणालीवर असते.

एक काटा, दहा गव्हाणी

आपल्या घरच्या संगणकात एक डिस्क असते आणि तिला विचारणारा एकच संगणक असतो. मोठ्या संगणकात हजारो यंत्रं असतात. त्यांना नोड म्हणतात. हे हजारो नोड एकाच वेळी एकाच फाइलमध्ये लिहू बघतात. एक डिस्क, एक सर्व्हर याला पुरत नाही.

साखर कारखाना डोळ्यांसमोर आणा. गाडी आली की आधी नोंद होते : कुणाचा ऊस, कुठल्या गटाचा, नंबर किती. मग ऊस गव्हाणीत पडतो आणि गाळप होतं. नोंदीचं काम वेगळं, गाळपाचं वेगळं. समांतर फाइल प्रणालीतही तसंच. 'मेटाडेटा सर्व्हर' फक्त नोंद ठेवतो : फाइलचं नाव, मालक, परवानगी, आणि तिचे तुकडे कुठे कुठे ठेवलेत. खरा मजकूर 'डेटा सर्व्हर'वर जातो, आणि तो एका नव्हे, अनेकांवर वाटला जातो. समजा १ एमबीचा एक तुकडा पहिल्या सर्व्हरवर, दुसरा दुसऱ्यावर, असं करत दहा सर्व्हरवर फाइल पसरली. मग दहा गव्हाणी एकदम चालू झाल्या. या वाटणीला 'स्ट्रायपिंग' म्हणतात.

इथूनच एक गोष्ट लक्षात घ्या, ती पुढे मोजणीत कामाला येईल. दहा गव्हाणी असल्या तरी नोंदीचा काटा एकच असेल, तर शंभर बैलगाड्या आणि शंभर ट्रक यांना नोंदीला सारखाच वेळ लागतो. ऊस मात्र बैलगाडीतून थोडा येतो. लहान लहान लाखो फाइली म्हणजे बैलगाड्यांची रांग. मोठ्या फाइली म्हणजे ट्रक.

अशा प्रणालींची नावं तुम्ही ऐकली असतील. 'लस्टर' हा प्रकल्प १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झाला. आयबीएमची 'जीपीएफएस' १९९८ मध्ये आली. आधी आयबीएमच्याच एआयएक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर, मग लिनक्सवर, पुढे विंडोजवरही. आणि आपल्या पुण्यात सी-डॅकने 'सी-पीएफएस' नावाची स्वतःची समांतर फाइल प्रणाली तयार केली.

क्लायंट म्हणजे कोण?

सर्व्हर लांब बसलेला आहे. नोडवर चालणारा हवामानाचा प्रोग्रॅम मात्र साधं 'फाइल उघड, लिही, बंद कर' एवढंच म्हणतो. ही साधी आज्ञा घेऊन, काट्यावर नोंद करून, तुकडे पाडून, योग्य गव्हाणीकडे पाठवणारा जो मध्यस्थ त्या नोडवरच बसलेला असतो, तो क्लायंट.

हा क्लायंट वरच्या प्रोग्रॅमला काही वचनं देतो. तीन महत्त्वाची आहेत.

पहिलं वचन : मी लिहिलेलं दुसऱ्या नोडला दिसेल, आणि जुनं-नवं मिसळलेलं दिसणार नाही.

दुसरं : 'एफसिंक' म्हटल्यावर मजकूर खरोखर टिकाऊ जागी गेलेला असेल. वीज गेली तरी राहील.

तिसरं : नाव तेच दिलं तर फाइल तीच मिळेल.

आता नीट ऐका, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे. क्लायंट एका ऑपरेटिंग सिस्टीमवरून दुसरीवर नेणं म्हणजे नुसता कोड उचलून नेणं नव्हे, ही वचनं उचलून नेणं आहे. आणि वेग मोजताना कुठली वचनं पाळून हा वेग मिळाला हे सांगितलं नसेल, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

पुण्यातल्या यंत्रांचा प्रवास

हे हवेतलं बोलणं नाही. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. १९९१ मध्ये 'परम ८०००' आला, तो ट्रान्सप्युटर नावाच्या चिपांवर. १९९८ चा 'परम १००००' सनच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरांवर आणि सोलारिसवर चालायचा. त्यानंतरचा 'परम पद्म' आयबीएमच्या पॉवर ४ वर, एआयएक्सवर. जून २००३ च्या जागतिक यादीत तो १७१ वा होता. २००८ चा 'परम युवा' इंटेलच्या प्रोसेसरांवर आणि लिनक्सवर, यादीत ६९ वा. म्हणजे साधारण दहा वर्षांत तीन ऑपरेटिंग सिस्टीम आणि तीन जातींचे प्रोसेसर. दर वेळी यंत्र नवं, पण शास्त्रज्ञांचे प्रोग्रॅम आणि जुना साठा तोच.

पाषाणच्या हवामान संस्थेतही असंच झालं. 'पृथ्वी' पॉवर ६ वर, 'आदित्य' इंटेलवर, मग 'प्रत्यूष' क्रेचा, आणि आता 'अर्का'.

याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी आहे : ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. 'अर्का'च्याच दिवशी तिच्यासाठी 'परम रुद्र' संगणक दिला गेला. तिथला डेटा वर्षानुवर्षं पुन्हा वाचला जातो. वीस वर्षांपूर्वीच्या निरीक्षणात आज काही सापडू शकतं, पण फाइल तेव्हा जे सांगत होती तेच आजही सांगत असेल तरच.

नेताना काय काय अडतं?

एक : बाइटचा क्रम. अल्ट्रास्पार्क आणि पॉवर हे त्या काळी आकड्याचा मोठा भाग आधी ठेवायचे. इंटेल लहान भाग आधी ठेवतो. चार बाइटमध्ये लिहिलेला '१' हा आकडा सोलारिसच्या यंत्राने जसाच्या तसा पाठवला आणि इंटेलने आपल्या पद्धतीने वाचला, तर तो १,६७,७७,२१६ होतो. त्यामुळे क्लायंट आणि सर्व्हर यांच्या बोलण्यात क्रम कुठला, हे लिहून ठरवावं लागतं, आणि प्रत्येक ठिकाणी पाळावं लागतं. एक ठिकाण सुटलं तर प्रोग्रॅम बंद पडला तर बरं, कारण निदान कळतं. तो न पडता चुकीचा आकडा घेऊन पुढे गेला तर खरी पंचाईत. क्लायंटने आपलं बोलणं नीट केलं तरी फाइलच्या आतल्या मजकुराचा क्रम तो बदलत नाही, ते त्याचं कामही नाही. म्हणूनच हवामानाच्या माहितीसाठी ग्रिब आणि नेटसीडीएफ असे क्रम ठरवून दिलेले प्रकार वापरतात.

दोन : पानाचा आकार. ऑपरेटिंग सिस्टीम मेमरीचे सारखे तुकडे पाडते, त्यांना पान म्हणतात. इंटेलवरच्या लिनक्सचं पान ४ केबीचं, अल्ट्रास्पार्कवरच्या सोलारिसचं ८ केबीचं, काही एआरएम यंत्रांवर ६४ केबीचं. एकाच फाइलवर ४ केबीवाला आणि ६४ केबीवाला असे दोन क्लायंट काम करू लागले की गंमत होते. मोठ्या पानात लहान सोळा पानं मावतात. मोठ्याने त्यातला थोडाच भाग बदलला पण परत लिहिताना सगळं पान लिहिलं, तर शेजाऱ्याने मधल्या काळात लिहिलेलं पुसलं जातं. म्हणून कुलूप किती भागावर लावायचं हे मोठ्या पानाच्या हिशोबाने ठरवावं लागतं. बांध एकाने नांगरला की वाद होणारच, तसंच हे.

तीन : कर्नलचा दरवाजा. फाइल प्रणालीला जोडून घ्यायची कर्नलमधली जागा प्रत्येक सिस्टीमची वेगळी. सोलारिस आणि एआयएक्सवर व्हीनोड नावाची रचना, लिनक्सवर व्हीएफएस, विंडोजवर तिसरंच. त्यातून लिनक्स आपल्या आतल्या रचना आवृत्तीगणिक बदलतं, त्या तशाच राहतील असं आश्वासन देत नाही. लस्टरचा क्लायंट २०१३ मध्ये लिनक्सच्या ३.११ आवृत्तीत, उमेदवारांसाठी असलेल्या 'स्टेजिंग' भागात घेतला गेला. पाच वर्षांनी, २०१८ मध्ये ४.१८ मधून तो काढला, कारण बाहेर चालू असलेला विकास आणि आतला कोड यांचा मेळ बसेना. तेव्हापासून तो बाहेरूनच जोडतात. म्हणजे एकाच लिनक्सच्या दोन आवृत्त्यांमध्येसुद्धा हे काम करावं लागतं.

चार : नावं. हे खास आपल्या भाषेचं. दौंड तालुका गुऱ्हाळांसाठी प्रसिद्ध. 'गुऱ्हाळ' नावाची फाइल बनवा. यातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एकच अक्षर म्हणून, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता म्हणून. काही कीबोर्ड तिसऱ्याच पद्धतीने, न दिसणारं जोडचिन्ह वापरून तोच आकार काढतात. पडद्यावर तिन्ही सारखे. लिनक्स मात्र नाव बाइट बाइट ताडून बघतं, म्हणून त्याच्या लेखी या तीन वेगळ्या फाइली. मॅकची जुनी एचएफएस प्लस प्रणाली पहिली पद्धत स्वतःहून फोडून दुसरी करायची. म्हणजे मॅकवरून ठेवलेली 'गुऱ्हाळ' लिनक्सवर त्याच नावाने शोधली तर 'अशी फाइल नाही' असं उत्तर यायचं!

आणखी एक. लिनक्सवर फाइलचं नाव जास्तीत जास्त २५५ बाइटचं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात, मात्रा आणि हलन्त धरून. म्हणजे फक्त ८५ चिन्हं. विंडोजची मर्यादा वेगळ्या एककात मोजतात, तिथे देवनागरीची २५५ चिन्हं बसतात. मग विंडोजवर दिलेलं १०० चिन्हांचं मराठी नाव लिनक्सच्या सर्व्हरवर मावत नाही. शिवाय विंडोज रोमन लिपीतलं मोठं आणि लहान अक्षर एकच धरतं, लिनक्स वेगळं धरतं. या सगळ्याचा निर्णय क्लायंट लिहिणाऱ्याला घ्यावा लागतो आणि लिहून जाहीर करावा लागतो.

पाच : एफसिंक. ही आज्ञा लिनक्सवरही आहे, मॅकवरही आहे. लिनक्सवर ती सहसा डिस्कच्या आतल्या तात्पुरत्या मेमरीलाही रिकामं करायला सांगते. मॅकवर ती मजकूर डिस्ककडे सोपवते आणि परत येते. डिस्कने तो खरोखर पक्का लिहावा यासाठी वेगळी, 'फुलएफसिंक' नावाची आज्ञा द्यावी लागते. शब्द एकच, वचन वेगळं. कोड जसाच्या तसा नेला तर तो तिथे चालेल, चाचणीत वेगवानसुद्धा दिसेल. फक्त वचन मोडलेलं असेल.

तीन वाटा

मग नवीन सिस्टीमवर क्लायंट न्यायचा कसा? तीन वाटा आहेत.

एक, कर्नलच्या आत बसवायचा. वेग उत्तम, पण काम कठीण, आणि चूक झाली तर सगळं यंत्र बंद पडतं.

दोन, कर्नलच्या बाहेर, साध्या प्रोग्रॅमसारखा चालवायचा. लिनक्समध्ये यासाठी २००५ पासून 'फ्यूज' नावाची सोय आहे, मॅक आणि विंडोजसाठीही तशा सोयी मिळतात. पण प्रत्येक आज्ञेला कर्नलमधून बाहेर आणि परत आत असा हेलपाटा पडतो. मोठ्या तुकड्यांना तो जाणवत नाही, लहान फाइलींना फार जाणवतो.

तीन, क्लायंट न्यायचाच नाही. एका लिनक्स यंत्रावर क्लायंट चालवायचा आणि बाकीच्यांना सांबा किंवा एनएफएस या ओळखीच्या मार्गाने त्या यंत्रातून वाट द्यायची. लस्टरच्या बाबतीत विंडोजवाल्यांसाठी आज व्यवहारात हीच वाट आहे. सोपी आहे, पण सगळ्या गाड्या एकाच फाटकातून जातात. शिवाय पहिलं वचन सैल होतं. एनएफएसमध्ये साधारणपणे एकाने फाइल बंद केली आणि दुसऱ्याने त्यानंतर उघडली, तरच नवं दिसण्याची खात्री असते.

कुठली वाट घ्यायची हे काम बघून ठरवायचं. हजारो नोडवर मॉडेल चालवायचं तर पहिली. नकाशे बघायला चार जणांना फाइल उघडायची तर तिसरी पुरते.

आता मोजणी

वेग मोजायला आयओआर आणि एमडीटेस्ट ही दोन साधनं जगभर वापरतात. आयओआर मजकुराचा वेग मोजतं, म्हणजे गव्हाणीचा. एमडीटेस्ट फाइल बनवणं, शोधणं, पुसणं यांचा वेग मोजतं, म्हणजे काट्याचा. दोन्ही एकत्र करून २०१७ पासून 'आयओ५००' नावाची जागतिक यादी निघते. तिच्यात सोपी आणि अवघड अशा दोन्ही परीक्षा असतात. अवघड परीक्षेत सगळे मिळून एकाच फाइलमध्ये ४७,००८ बाइटचे तुकडे लिहितात. हा आकडा मुद्दाम अडनिडा आहे, कुठल्याच पानाच्या मापात न बसणारा. आणि लिहिण्याचा टप्पा किमान ३०० सेकंद चालला पाहिजे, असा नियम आहे.

तीनशे सेकंद कशासाठी? कारण कॅश. प्रोग्रॅमने 'लिही' म्हटलं की क्लायंट बहुतेक वेळा मजकूर नोडच्या मेमरीत घेतो आणि लगेच 'झालं' म्हणतो. केनयार्डात गाडीचा नंबर लागला, एवढाच त्याचा अर्थ. ऊस अजून गाडीतच आहे. थोडाच वेळ मोजलं तर तुम्ही यार्डाची जागा मोजली, गाळपाची क्षमता नाही. यार्ड भरल्यावर रांग ज्या वेगाने सरकते, तो कारखान्याचा खरा वेग.

समजा नोडची मेमरी २५६ जीबी आहे आणि नेटवर्क १०० गिगाबिटचं. ८ बिटचा एक बाइट, म्हणजे त्या तारेतून सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ जीबी जाऊ शकतात. आता कुणी ६४ जीबीची फाइल लिहून त्याच नोडवर लगेच वाचली आणि सांगितलं की 'आमच्या क्लायंटने सेकंदाला ४० जीबी वाचले.' तारेतून १२.५ च्या वर जाऊच शकत नाही, मग ४० आले कुठून? नोडच्या स्वतःच्या मेमरीतून. सर्व्हरला विचारलंच नाही. हा भागाकार पाचवीतला विद्यार्थी करू शकतो, आणि कुठलाही मोठा आकडा ऐकला की आधी हाच करावा.

दुसरं उदाहरण. दहा लाख लहान फाइली, प्रत्येकी ४ केबी. एकूण मजकूर साधारण ४ जीबी. सेकंदाला १० जीबी लिहिणाऱ्या प्रणालीला हे अर्ध्या सेकंदाचंही काम नाही. पण काटा सेकंदाला २०,००० नोंदी करत असेल, तर ५० सेकंद लागतील. म्हणून 'सेकंदाला किती जीबी' हा एकच आकडा देणारा अर्धंच सांगतो.

तर दोन ऑपरेटिंग सिस्टीमवरच्या क्लायंटची तुलना करायची झाली, तर क्रम असा ठेवायचा.

आधी वचनं तपासायची. एका नोडवर लिहा, दुसऱ्यावर वाचा. लिहिताना मध्येच यंत्र बंद करा आणि एफसिंक झालेलं शिल्लक आहे का बघा. मराठी नावं देऊन बघा. लिहिलेल्या मजकुराचा चेकसम घेऊन परत वाचलेल्याशी ताडा. हे जमलं नाही तर वेग मोजण्यात अर्थ नाही.

मग यंत्र, नेटवर्क आणि सर्व्हर तेच ठेवून फक्त सिस्टीम बदलायची. फाइलीचा आकार एकूण मेमरीच्या किमान दुप्पट ठेवायचा. एका नोडने लिहिलेलं दुसऱ्या नोडने वाचायचं, म्हणजे कॅशची मदत मिळत नाही. लिहिण्याच्या वेळात एफसिंकची वेळ धरायची, आणि मॅकवर असाल तर फुलएफसिंक. एक नोड, मग दोन, चार, आठ असं वाढवत न्यायचं, कारण एका नोडवर जिंकणारा क्लायंट शंभरावर हरू शकतो. प्रत्येक मोजणी अनेकदा करायची आणि सर्वांत चांगला आकडा न देता मधला द्यायचा, सोबत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्तही. साठवण सगळ्यांची सामायिक असते, शेजारी काय चाललंय यावर तुमचा आकडा हलतो.

आणि शेवटी या सगळ्या अटी आकड्याच्या शेजारीच छापायच्या. सातबारा बघितल्याशिवाय आपण जमिनीचा भाव ठरवत नाही, तसं.

श्रोत्यांचे प्रश्न

शिरूर : कॅश ही फसवणूक असेल तर ती बंदच का करत नाहीत?

फसवणूक नाही हो, ती सोय आहे. यार्ड नसलं तर प्रत्येक गाडी गव्हाण रिकामी होईपर्यंत रस्त्यावर उभी राहील. मॉडेल दर काही मिनिटांनी निकाल लिहितं, तेव्हा कॅशमुळे ते पुढच्या आकडेमोडीला लगेच लागू शकतं. रोजच्या कामात कॅश हवीच. म्हणून मोजणी दोन्ही प्रकारे करावी, कॅशसह आणि कॅशविना. फक्त एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर खपवू नये.

दौंड : कॉलेजमध्ये सुपरकॉम्प्युटर नाही. आम्ही हे कसं शिकायचं?

लस्टर आणि आयओआर दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. तीन-चार जुने संगणक आणि एक नेटवर्क स्विच असेल तर एकावर नोंद, दोघांवर मजकूर आणि एकावर क्लायंट अशी मांडणी होते. एकाच यंत्रात आभासी यंत्रं बनवूनही होते. वेग अर्थातच मिळणार नाही, पण वचनं तपासायला वेग लागत नाही. 'गुऱ्हाळ'चा प्रयोग तर आज घरी जाऊन करता येईल, त्याला पेनड्राइव्हसुद्धा पुरतो.

दौंड : आता सगळीकडे लिनक्सच आहे, मग हे काम संपलं ना?

जगातल्या पहिल्या ५०० संगणकांच्या यादीत २०१७ पासून सगळे लिनक्सवरच आहेत, हे खरं. पण लिनक्स एक असलं तरी त्याखालचा प्रोसेसर बदलतोय. सी-डॅक 'औम' नावाचा एआरएम रचनेवरचा प्रोसेसर विकसित करत आहे. एआरएमवर पानाचा आकार ४, १६ किंवा ६४ केबी ठेवता येतो. म्हणजे आज सांगितलेला दुसरा मुद्दा, शेजाऱ्याचा बांध नांगरण्याचा, उद्या पुन्हा समोर येणार आहे.

शिरूर : शेतकऱ्याने यातून काय घ्यायचं?

एवढंच, की अंदाजामागे नुसतं ढगांचं गणित नसतं. ते गणित हजारो यंत्रांवर वाटलं जातं, लिहिलं जातं, गोळा केलं जातं, आणि यातला प्रत्येक टप्पा वेळेत आणि चोख व्हावा लागतो. संगणकावर ८५० कोटी रुपये खर्च होतात तेव्हा ते तुमचे-आमचे असतात. त्यामुळे 'किती वेगवान?' असं विचारायचा हक्क आपल्याला आहे. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारत जा : हा वेग यार्डातला, की गव्हाणीतला?